रिबेकाच्या खोलीतली शेगडी

जोसेफने पिकअपच्या मागून ती गॅसची शेगडी उतरवली तेव्हा हन्ना अंगणात भांडी घासत होती. क्षणभर तिला वाटलं, ही आपल्यासाठीच आणली.

वाटायला कारण होतं. नाताळ तोंडावर आला होता आणि थंडी यंदा हात धुऊन मागे लागली होती. नवापूरहून आत डोंगराच्या कुशीत त्यांचा पाडा. दिवस कलला की सगळा पाडा गारठून जाई. हन्ना राहायची ते जुनं घर कुडाचं. बांबूच्या कामट्यांवर सारवलेली माती जागोजागी सुटलेली, त्यातून वारा चहूबाजूंनी आत शिरायचा. दिवाळीपासून ती नवऱ्याला सांगत होती की या भिंतींचं काहीतरी कर, नाहीतर निदान पांघरायला तरी जाड काही आण. तो हूं म्हणायचा आणि कूस बदलायचा.

शेगडी म्हणजे घरातली साधी शेगडी नव्हे. कोंबड्यांच्या फार्मवर एका दिवसाची पिल्लं येतात, त्यांना ऊब द्यायला वरून टांगतात तो गॅसचा ब्रूडर. वर पत्र्याची छत्री, तिच्या पोटात जाळी. गॅस पेटला की जाळी लालबुंद होते आणि खाली पिल्लं गोल करून बसतात. हन्ना आणि जोसेफ दोघंही वाहिदशेठच्या फार्मवर कामाला. तो गाडी चालवायचा, ती पिल्लांच्या शेडमध्ये दाणा-पाणी बघायची. त्यामुळे असले ब्रूडर तिच्या रोजच्या पाहण्यातले. हा तर तिने ओळखलासुद्धा. शेठने जुनी शेड मोडायला काढली होती, तिथला हा. छत्रीला पोचा आलेला, नळीला भेगा, जाळीच्या भोकांत वर्षानुवर्षांची धूळ आणि पिसं.

"जरा सरक," जोसेफ म्हणाला आणि शेगडी छातीशी धरून तिच्या बाजूने पुढे गेला. जुन्या घराचं दार मागे टाकून तो थेट नव्या खोलीकडे वळला.

"आई," त्याने हाक मारली, "बाळाला थंडी बाधायला नको म्हणून आणलीय. छताच्या कडीला टांगून देतो."

हन्नाच्या हातातली राख तशीच राहिली.

नवी खोली जोसेफच्या धाकट्या भावाची, दानियलची. तो पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात हंगामाला जायचा, उसाचं गाळप संपेपर्यंत तिकडेच राहायचा. लग्न झाल्यावर त्याने जुन्या घराला लागून ही खोली बांधली. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी आणि दाराशेजारी काचेची सरकती खिडकी. पाड्यातली बायामाणसं नुसती ती खिडकी सरकवून बघायला येऊन गेली होती. हन्ना या घरात आली त्याला पंधरा वर्षं होत आली, पण तिच्या वाट्याला कुडाच्या भिंती. आणि ही काल आलेली रिबेका काचेतून चांदणं बघत झोपते.

रिबेका वाईट नव्हती. तेच तर हन्नाला खुपायचं. वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती बारावी शिकलेली, आवाज गोड. चर्चमध्ये रविवारी ती गायला उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा कुजबुज थांबवायची. सासू शांतीबाई तर तिच्या नावाने कौतुकाचा पाट वाहवायची. आणि आता तिला मुलगा झालेला, दीड महिन्याचा, काळ्याभोर जावळाचा.

हन्नालाही मुलगा झाला होता. रूपाली तिची थोरली, ती आश्रमशाळेत शिकत होती. तिच्या पाठीवर झालेला तो मुलगा अशाच एका थंडीत छातीत कफ भरून गेला. तेव्हा घरात एका फुटक्या पाटीत विस्तव ठेवला होता, तेवढाच. त्याला सागाच्या झाडांखाली पुरून आले त्या दिवसानंतर जोसेफने त्याचं नाव कधी काढलं नाही. हन्नाने मनाची समजूत घातली होती की गरिबी होती, काय करणार. पण आज नवऱ्याला भावाच्या पोरासाठी शेगडी सुचते. मग आपल्या वेळेला का नाही सुचली? पिल्लांच्या शेडमध्ये ब्रूडर तेव्हाही होतेच की.

त्या संध्याकाळी खोलीत शेगडी पेटली. काचेतून लाल उजेड अंगणात पडला. हन्ना चुलीपुढे भाकरी थापत होती. उजेड तिच्या पायापर्यंत येत होता, ऊब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोसेफ गुजरातकडे खेप घेऊन निघाला. गाडी सुरू करता करता तो म्हणाला, "रिबेकाला सांग, खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. शेडवर पडदा थोडा वर ठेवतो तशी. जुनी शेगडी आहे, कोंडून चालणार नाही."

तो जेठ, ती धाकट्या भावाची बायको. त्यांच्यात समोरासमोर बोलणं नसायचं. म्हणून निरोप हन्नाकडे.

"सांगते," हन्ना म्हणाली.

सांगितलं नाही. विसरली म्हणावं तर तसंही नाही. भांडी घासताना आठवलं, पाणी भरताना आठवलं. दर वेळी मनात आलं, केवढी ही काळजी! शेगडी आणायची, टांगायची, वर खिडकीचा निरोप. माझ्या डोक्यावरच्या कौलातून पाणी गळतं तेव्हा कुणी चार बोटांचा हिशोब करत नाही. आणि त्या दिवसांत खिडकी तशीही थोडी उघडीच असायची. सांगायची गरज काय, असं म्हणून तिने विषय मनाआड टाकला.

नाताळ झाला. बाळाला लाल टोपडं घालून चर्चमध्ये नेलं. सगळ्यांनी हातोहात घेतलं. हन्नाच्या हातात ते आलं तेव्हा तिने त्याच्या जावळाचा वास घेतला आणि लगेच पुढच्या बाईकडे देऊन टाकलं.

त्यानंतर थंडीने कहर केला. सकाळी गवतावर दव नुसतं पांढरं दिसायचं. आधी संध्याकाळपुरती पेटायची ती शेगडी आता पहाटेपर्यंत जळू लागली. शांतीबाईने खिडकी घट्ट लावून घेतली. फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली खताचं रिकामं पोतं गुंडाळून ठेवलं. "वाऱ्याची झुळूकही आत येणार नाही," ती समाधानाने म्हणाली. हन्ना पाहत होती. तिला जोसेफचा निरोप आठवला. तोंड उघडलंही. पण सासू पुढे म्हणाली, "बाळंतिणीला जपावं लागतं, बाई. ही नाजूक आहे, तुझ्यासारखी दणकट नाही." हन्नाने तोंड मिटलं.

मग रिबेकाचं डोकं दुखायला लागलं.

सकाळी ती दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, कपाळ हातात धरून. मळमळतं म्हणायची. एकदा तिथेच ओकली. पाय लटपटतात, रात्रभर झोपूनही अंगात जीव नाही, अशी तिची तक्रार. शांतीबाई तिला आल्याचा काढा द्यायची, डोक्याला तेल चोळायची. आणि घरातलं रिबेकाच्या वाटणीचं काम कुणाच्या अंगावर? हन्नाच्या. पहाटे उठून पाणी तिने भरायचं, झाडलोट तिने करायची, शिवाय शेडवर कामाला जायचं. दुपारी परत यावं तर रिबेका उन्हात बसून बाळाला पाजत असायची, चेहरा टवटवीत, डोकंबिकं काही नाही.

"दुपारी बरं कसं वाटतं गं तुला?" हन्नाने एकदा विचारलंच.

"काय की, ताई. उन्हात बसलं की उतरतं."

"बरं आहे. कामाच्या वेळी चढतं आणि काम झालं की उतरतं."

रिबेकाने मान खाली घातली. हन्नाला क्षणभर बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीच चीड आली.

बाळही हल्ली फार झोपतं, शांतीबाई म्हणायची. गुणी आहे, ऊब मिळाली की लेकरू असंच शांत झोपतं. तिला स्वतःला मात्र त्या खोलीत गरगरायला लागलं होतं, म्हणून ती आपली वाकळ उचलून जुन्या घरात चुलीपाशी निजायला आली. म्हातारपण, ती म्हणायची. हन्ना मनात म्हणायची, सुनेचं बघून हिलाही आता नखरे सुचायला लागले.

तरी बाळ भल्या सकाळी एकदा रडायचंच, भुकेने. पातळ कुडाच्या भिंतीतून ते रडणं हन्नाच्या उशाशी यायचं. रोज ती त्यानेच जागी व्हायची. डोळे मिटून ती ते थांबायची वाट बघायची.

एका सकाळी ती शेडवर पोचली तर आमश्याकाका धावपळ करत होते. आमश्याकाका फार्मवरचे सगळ्यांत जुने. शेठच्या वडलांच्या वेळेपासूनचे. रात्रपाळीला नवा गडी होता. थंडी फार म्हणून त्याने शेडच्या दोन्ही अंगांचे पडदे जमिनीपर्यंत सोडून दिले होते आणि आत ब्रूडर चालू ठेवून स्वतः बाहेर शेकोटीशी बसला होता. काका भराभर पडदे वर करत होते. आत पिल्लं पसरली होती. काही मेलेली, काही मान लांब करून, चोच उघडी टाकून पडलेली.

"टोपलीत भर, बाहेर ने," काकांनी तिला सांगितलं. "जी हलतात ती आधी."

तिने ओंजळीओंजळीने पिल्लं उचलली आणि बाहेर उघड्यावर ठेवली. काही तशीच राहिली. काहींनी थोड्या वेळाने डोळे उघडले, डुलत डुलत उभी राहिली, पुन्हा बसली.

"काय झालं असेल, काका? गॅस सुटला का?"

"सुटला असता तर वास आला असता. हा जळलेला गॅस. कोंडलेल्या जागेत ज्योत नीट जळत नाही, वाईट हवा सोडते. तिला ना वास ना रंग. डोकं जड होतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. ही तर पिल्लं." त्यांनी एक मेलेलं पिल्लू बाजूला टाकलं. "थंडीने एखादं मरतं. कोंडलं तर सगळी."

वाहिदशेठ तेवढ्यात आले. त्यांनी त्या गड्याला झापलं, ते अहिराणीत. "तुले कितींदा सांगेल शे, पडदा जराखा वर ठेव म्हणीसन!" गडी मान खाली घालून उभा राहिला.

हन्ना टोपलीपाशी उकिडवी बसली होती. एक पिल्लू तिच्या पायाला टेकून उभं राहायचा प्रयत्न करत होतं. उन्हात आल्यावर त्याला हुशारी येत होती. तिच्या डोळ्यांपुढे उंबऱ्यावर कपाळ धरून बसलेली रिबेका आली. सकाळी ओकणारी, दुपारी उन्हात टवटवीत होणारी.

दुपारी ती घरी आली ती सरळ नव्या खोलीत गेली. छताला शेगडीच्या वर काजळीचं काळं वर्तुळ धरलं होतं. रोज दिसत असणार, पण तिने वर पाहिलंच नव्हतं. तिने खिडकीच्या फटीतली चिंधी ओढून काढली.

"काय करतेस?" शांतीबाई बाळाला तेल लावत बसली होती.

"आई, ही शेगडी इथे नको. आज शेडवर पिल्लं मेली, कोंडून. हिचं डोकं त्यानेच दुखतंय."

"वास तरी येतोय का कसला?"

"त्याला वास नसतो. आमश्याकाकांनी..."

"हे लेकरू काय कोंबडीचं पिल्लू आहे?" शांतीबाईने तिच्या हातातली चिंधी काढून घेतली. "शेगडी आली त्या दिवसापासून तुझं तोंड बघतेय मी. तुला बघवत नाही, हन्ना. तुझं गेलं, म्हणून हिच्या लेकराला ऊब मिळालेली तुला बघवत नाही."

रिबेका पलंगावर बसली होती. तिने एकदा हन्नाकडे पाहिलं आणि नजर बाळाकडे वळवली.

हन्नाला पुष्कळ बोलता आलं असतं. जोसेफचाच निरोप आहे म्हणता आलं असतं. पण मग इतके दिवस का सांगितला नाहीस, हा प्रश्न आला असता. आणि त्याहून मोठी अडचण ही की सासू म्हणाली ते खरं होतं. तिला बघवत नव्हतं. खोटा आळ आला असता तर ती वाघिणीसारखी भांडली असती. खऱ्यापुढे तिची जीभ उचलेना. ती मुकाट्याने बाहेर आली. मागे चिंधी पुन्हा फटीत गेली.

जोसेफ आला की त्याला सांगू, तिने ठरवलं. तो रात्री उशिरा आला, दमलेला, आणि जेवता जेवताच पेंगायला लागला. सकाळी सांगू, असं म्हणून तीही आडवी झाली. मन तिला एवढंच सांगत राहिलं की तू सांगितलंस, त्यांनी ऐकलं नाही, आता त्यांचं ते जाणोत.

सकाळी तिला जाग आली तेव्हा अंगणात कोंबडे खुडबुडत होते, उजाडलं होतं. उशीर झाला, एवढंच आधी डोक्यात आलं. मग कळलं की उशीर का झाला. रडणं ऐकूच आलं नव्हतं.

ती तशीच बाहेर धावली. नव्या खोलीचं दार आतून बंद. हाका मारल्या, दार धडाधडा वाजवलं. काचेतून बघावं तर आतून काच वाफेने ओली झालेली, पाण्याचे ओघळ उतरत होते. त्यापलीकडे तो लाल ठिपका.

उखळाशेजारी मुसळ होतं. ते दोन्ही हातांनी उचलून तिने काचेवर घातलं. काच खळकन आत पडली. आतून दमट, जड वाफ तिच्या तोंडावर आली. खिडकीच्या गजांमधून हात घालून तिने चाचपडत शेजारच्या दाराची कडी सरकवली. दंडाला काचेने फाडलं, ते तिला नंतर कळलं.

"जोसेफ," ती ओरडली, "सिलेंडर बंद कर, हिला बाहेर ओढ." आणि श्वास रोखून आत शिरून तिने बाळ उचललं.

बाळ ओल्या कपड्यासारखं हातावर लोंबत होतं. अंगणाच्या मोकळ्या टोकापाशी जाऊन तिने ते उताणं धरलं, छातीला कान लावला. काहीतरी होतं, फार दूरवरचं. तिने त्याचे तळवे चोळले, तोंडावर फुंकर घातली, पाठीवर थापटलं. "रड," ती त्याला म्हणत होती. "रड ना रे. रोज रडतोस." जोसेफने रिबेकाला काखेत हात घालून ओढत आणलं आणि मातीवर निजवलं. तिचे डोळे अर्धे उघडे, ओळख नसलेले. शांतीबाई जुन्या घराच्या दारात उभी होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून.

बाळाने अंग ताणलं आणि मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज काढला.

पिकअपमध्ये मागे खाद्याच्या पोत्यांवर रिबेकाला झोपवून तिचं डोकं शांतीबाईने मांडीवर घेतलं. हन्ना पुढे, काच खाली करून, बाळाचं तोंड वाऱ्याकडे धरून बसली. नवापूरच्या दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "बंद खोलीत काही जाळलं होतं का?"

"गॅसची शेगडी," हन्ना म्हणाली. "जुनी. रात्रभर. खिडकी बंद होती."

दोघांना ऑक्सिजन लावला आणि पुढे नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हन्नाच्या दंडाला टाके पडले. दुपारनंतर रिबेकाने डोळे उघडून बाळ कुठे म्हणून विचारलं, आणि बाळ तर त्याआधीच भुकेने सगळा वॉर्ड डोक्यावर घेऊन बसलं होतं. दानियल पुरुषोत्तमनगरहून कारखान्याच्या कपड्यांतच आला आणि पलंगाची कड धरून लहान मुलासारखा रडला.

जोसेफ बाहेरच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसला होता. हन्ना त्याच्याशेजारी येऊन बसली.

"मी तुला सांगितलं होतं ना, खिडकीचं?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तू सांगितलं होतंस ना तिला?"

"सांगितलं. पण उशिरा. काल सांगितलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. का, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दोघांना ते ठाऊक होतं.

"चूक माझी आहे," मग तो म्हणाला. "शेठ म्हणाले होते, ही आता चालवण्याजोगी नाही, भंगारात टाकतोय. मी म्हटलं, माझ्याकडे द्या. ती भंगारात पडलेली बघितली आणि मला आपला पोरगा दिसला. त्या थंडीत मी रोज शेडवर जात होतो, हन्ना. पिल्लांवर ब्रूडर लावून घरी येत होतो. एक उचलून घरी आणावा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नऊ वर्षं मला ते खातंय."

हन्नाला वाटत होतं की हा त्या मुलाला विसरला. ती शेगडी त्याने रिबेकासाठी आणली नव्हती, दानियलच्या बाळासाठीही नाही. ती ज्याच्यासाठी होती तो सागाखाली होता. हे तिला आधी माहीत असतं तर? तर कदाचित निरोप त्याच सकाळी पोचला असता. तिने पदराने डोळे पुसले. "आणली असतीस तर कदाचित शेगडीनेच गेला असता तो," ती म्हणाली. "आपलं घर कुडाचं, वारा खेळता, म्हणून कदाचित वाचलाही असता. पण त्यात तुझा दोष नव्हता."

काही दिवसांनी दोघांना घरी सोडलं. रिबेकाचं डोकं नंतरही बरेच दिवस जड राहायचं. कुणाचं नाव आठवेना की ती ओशाळायची. हन्ना तिला काम करू देत नव्हती, आणि या वेळी ते काम तिला तितकं जड गेलं नाही. फुटलेल्या काचेच्या जागी दानियलने बारीक जाळी बसवून घेतली आणि भिंतीच्या वरच्या अंगाला हवेसाठी दोन भोकं पाडली. शेगडीचा जोसेफने घणाने चेंदामेंदा केला. नुसती भंगारात टाकली तर पुन्हा कुणीतरी उचलून घरी नेईल, तो म्हणाला.

रविवारी पाळकसाहेबांनी आई आणि लेकराच्या जिवासाठी प्रभूचे आभार मानले. सगळ्या मंडळीने वळून रिबेकाकडे पाहिलं. शांतीबाईने बायकांना सांगायला सुरुवात केली होती की आदल्या रात्री आपल्याला कसं अस्वस्थ वाटत होतं. मागच्या बाकावर बसलेल्या हन्नाला ते पुन्हा खुपलं. मरता मरता वाचायचं तेही रिबेकानेच, आणि सगळ्यांनी बघायचं तेही तिच्याकडेच. मुसळाचं नाव कुणी काढत नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. आणि थोडं हसूही आलं, कारण एवढं सगळं होऊनही ही खोड जागची हलली नव्हती.

घरी आल्यावर रिबेका उन्हात तिच्याशेजारी येऊन टेकली.

"ताई, त्या दिवशी तू सांगत होतीस, ते मी ऐकत होते. मला वाटलं, तू... म्हणजे आईंसारखंच वाटलं मला. म्हणून गप्प राहिले."

"बरोबरच वाटलं तुला. मला बघवत नव्हतं." हन्ना म्हणाली. "आणि दुसरंही आहे. खिडकी उघडी ठेवायचा निरोप मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. मी तो तुला दिला नाही."

रिबेका बराच वेळ मातीत काडीने रेघा ओढत राहिली. हन्ना वाट बघत होती की ही आता उठून जाईल. ती उठली, पण आत जाऊन बाळाला घेऊन आली आणि हन्नाच्या मांडीवर ठेवलं.

"मी जरा पडते," ती म्हणाली. "डोकं जड आहे." आणि जुन्या घरात, हन्नाच्या वाकळीवर जाऊन झोपली.

हन्नाने बाळाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पदर धरला. ते तिच्या बोटाशी झोंबत होतं, बोट तोंडात घालायला बघत होतं. थोड्या वेळाने शांतीबाई आली आणि हात पुढे करून म्हणाली, "आण इकडे. तुला स्वयंपाक असेल."

"तू टाक आज भाकरी," हन्ना म्हणाली आणि बाळाला आणखी जवळ ओढून घेतलं. "तो माझ्याकडे आहे."